रग्बी व अमेरिकन फुटबॉल : दोन भावंडांची तुलना

'फुटबॉल' हा शब्द कानीं पडतांच आमच्या विद्यार्थ्यांच्या डोळ्यांपुढें गोल चेंडू व पायांची चपळाई उभी राहते. परंतु याच कुळांत दोन खेळ असे आहेत कीं, ज्यांत चेंडू पायापेक्षां हातींच अधिक असतो, तो गोल नसून लांबट असतो, आणि तो घेऊन धांवणाऱ्यास मिठी मारून भुईवर पाडणें हा अपराध नसून प्रतिपक्षाचें कर्तव्य समजलें जातें. त्यांपैकीं एक इंग्लंडांत जन्मलेला रग्बी व दुसरा त्याच्याच पोटीं जन्मलेला अमेरिकन फुटबॉल होय. यांपैकीं खरा मर्दानी खेळ कोणता, हा वाद इंग्रजी बोलणाऱ्या राष्ट्रांत फार दिवसांपासून चालत आला आहे. आमचे विद्यार्थीही चित्रें पाहून त्या वादांत उडी घेतात. एक म्हणतो, शिरस्त्राण घालून खेळणारे ते भित्रे. दुसरा म्हणतो, त्याशिवाय त्या धडका सोसून दाखवा. या वादाचा निकाल देण्याचा आमचा हेतु नाहीं. हे दोन खेळ एकमेकांपासून कां फुटले, त्यांत राष्ट्राभिमानाचा वांटा किती, आणि त्या अभिमानाची किंमत कोणीं दिली, एवढें समजून घेतलें तरी वाद करण्याची आपली रीत सुधारेल, असें आम्हांस वाटतें.

१. मूळ पुरुषाची कथा

इंग्लंडच्या वॉरिकशर परगण्यांत रग्बी नांवाचें गांव आहे. तेथील प्रसिद्ध शाळेंत अशी कथा सांगतात कीं, १८२३ सालीं विल्यम वेब एलिस नांवाच्या एका विद्यार्थ्यानें तत्कालीन नियम धाब्यावर बसवून चेंडू उचलला आणि तो कवटाळून तो पुढें धांवत सुटला. तोच या खेळाचा जन्म. शाळेच्या भिंतींत या पराक्रमाचा शिलालेखही बसविलेला आहे. कथा गोड आहे खरी. पण पुराव्याच्या कसोटीस ती उतरत नाहीं. एलिस पुढें धर्मोपदेशक झाला व १८७२ सालीं वारला. कथा प्रथम छापली गेली ती १८७६ सालीं, म्हणजे त्याच्या मृत्यूनंतर चार वर्षांनीं. आणि ती लिहिणारे मॅथ्यू ब्लॉक्सम हे शाळेचे जुने विद्यार्थी असले तरी प्रसंग पाहणारे नव्हते. १८९५ सालीं शाळेच्या माजी विद्यार्थ्यांनीं रीतसर चौकशी आरंभिली, तेव्हां तो प्रसंग पाहिलेला एकही साक्षीदार मिळाला नाहीं. शालेय जीवनावरील विख्यात कादंबरीचे कर्ते टॉमस ह्यूज हे याच शाळेचे. त्यांनीं कळविलें कीं, आपण १८३४ सालीं शाळेंत आलों तेव्हां चेंडू घेऊन धांवण्यास अगदींच बंदी नव्हती. मात्र तसें करतांना एखाद्याचा प्राण गेला असता, तर पंचांनीं मारणारासच निर्दोष ठरविलें असतें!

खरी गोष्ट अशी दिसते कीं, ही चाल हळूहळू रुळली व १८४५ सालीं तिला लेखी नियमांचें रूप आलें. हे नियम शिक्षकांनीं नव्हे, तर वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनीं लिहिले, ही गोष्ट आमच्या विद्यार्थ्यांनीं विशेष ध्यानांत ठेवावी.

अमेरिकेंतही असाच प्रकार घडला. बेसबॉल हा आपलाच खेळ, इंग्लंडचा नव्हे, हें सिद्ध करण्यासाठीं तेथें एक मंडळ नेमलें गेलें, आणि त्यानें १८३९ सालीं ॲबनर डबलडे यांनीं तो खेळ निर्माण केला असा निर्णय दिला. तो निर्णयही इतिहासकारांनीं पुढें खोडून काढला. यावरून एक नियम बांधतां येतो : समाजाला आपल्या खेळासाठीं एक मूळ पुरुष हवा असतो, आणि तो सांपडला नाहीं तर घडविला जातो.

२. इंग्लंडांतील भाऊबंदकी

१८६३ सालीं लंडन येथें फुटबॉलच्या मंडळांनीं एक नियमावली ठरविण्याचा यत्न केला. चेंडू हातीं घेऊन धांवावें कीं नाहीं व प्रतिपक्षाच्या नडगीवर लाथ मारावी कीं नाहीं, या दोन प्रश्नांवर मतभेद झाला. लाथेची बाजू घेणाऱ्यांस ती धैर्याची परीक्षा वाटे. ब्लॅकहीथचें मंडळ रुसून निघून गेलें, आणि पायाचा फुटबॉल व हाताचा फुटबॉल यांचें घर कायमचें वेगळें झालें. १८७१ सालीं रग्बीवाल्यांनीं आपला स्वतंत्र संघ स्थापिला. आणि गंमत अशी कीं, ज्या लाथेसाठीं भांडण झालें, तीच त्यांनीं आपल्या नियमांतून काढून टाकिली.

त्याच वर्षीं मार्च महिन्यांत एडिंबरो येथें इंग्लंड व स्कॉटलंड यांचा पहिला आंतरराष्ट्रीय सामना झाला. तेव्हां एकेका बाजूस वीस गडी असत. १८७७ पासून ते पंधरा झाले. पहिल्या सामन्यांत स्कॉटलंड जिंकलें, व त्या दिवसापासून या दोन शेजाऱ्यांची चुरस चालू आहे. या चुरशींत आपल्या देशाचा एक धागा गुंतला आहे. कलकत्त्यास राहणाऱ्या इंग्रज-स्कॉच लोकांनीं १८७३ सालीं रग्बीचें एक मंडळ काढलें होतें. तें पांच-सहा वर्षांतच मोडलें, तेव्हां सभासदांनीं पेढींतील शिल्लक रुपये काढून आणिले, ते चांदीचे रुपये आटविले, आणि त्यांचा एक पेला घडवून इंग्लंडास पाठविला. त्या पेल्यास तीन नागांच्या मुठी असून झांकणावर हत्ती आहे. १८७९ पासून इंग्लंड व स्कॉटलंड त्याच 'कलकत्ता कप'साठीं झगडत आले आहेत. ज्या शहराचें नांव त्यावर आहे, त्याला मात्र या झगड्यांत पक्ष नाहीं!

राष्ट्राराष्ट्रांतील चुरशीबरोबर वर्गावर्गांतील कलहही होताच. उत्तर इंग्लंडांतील खाणींत व गिरण्यांत राबणारे मजूर शनिवारीं खेळावयास गेले कीं त्यांची मजुरी बुडे. ती भरून द्यावी, अशी उत्तरेकडील मंडळांची मागणी होती. खेळासाठीं पैसा घेणें सभ्य गृहस्थास शोभत नाहीं, असें दक्षिणेकडील सुखवस्तूंचें म्हणणें होतें. ज्याची मजुरी बुडत नाहीं, त्यास हें तत्त्व पाळणें सोपें, हें उघड आहे. १८९५ सालीं हडर्सफील्ड येथें उत्तरेच्या मंडळांनीं वेगळी चूल मांडली. तिच्यांतून तेरा गड्यांचा 'रग्बी लीग' हा निराळा खेळ निघाला. मूळ शाखेनें खेळाडूस वेतन घेण्याची मुभा दिली ती १९९५ सालीं, म्हणजे बरोबर शंभर वर्षांनीं.

३. सागरापलीकडील शाखा

अमेरिकेंत १८६९ च्या नोव्हेंबरांत रटगर्स व प्रिन्स्टन या विद्यापीठांत झालेला सामना तेथील फुटबॉलचा आरंभ मानतात. परंतु त्यांत प्रत्येक बाजूस पंचवीस गडी होते व चेंडू घेऊन धांवण्यास मुभाच नव्हती. कलाटणी मिळाली ती १८७४ सालीं. कॅनडांतील मॅगिल विद्यापीठाचा संघ हार्वर्डशीं खेळावयास आला. एक दिवस यजमानांचे नियम व दुसरा दिवस पाहुण्यांचे, असा करार ठरला. पाहुण्यांचे नियम रग्बीचे होते. हार्वर्डच्या विद्यार्थ्यांस ते स्वतःच्या नियमांहून अधिक आवडले. १८७६ सालीं प्रमुख विद्यापीठांनीं थोडाबहुत फेरफार करून रग्बीचे नियम स्वीकारिले.

येथून पुढें येल विद्यापीठाचे वॉल्टर कॅम्प यांचें कार्य सुरू होतें. त्यांच्या विवेचनाचा आशय असा : इंग्लंडांत वाद पडला तर वडीलधाऱ्या खेळाडूंची परंपरा विचारतां येते, आमच्याकडे परंपराच नाहीं, म्हणून आम्हीं लेखी नियमावरच विसंबलें पाहिजे व तो संदिग्ध वाटेल तेथें बदलला पाहिजे. रग्बींत दोन्ही पक्षांचे गडी खांद्यास खांदा भिडवून रेटारेटी करतात व मधल्या चेंडूसाठीं झगडतात. चेंडू कोणाच्या हातीं येईल हें आधीं सांगतां येत नाहीं. कॅम्प यांनीं १८८० सालीं ही अनिश्चितता काढली. चेंडू ठरलेल्या एका पक्षाकडे असावा, मधल्या गड्यानें तो मागें द्यावा व डाव सुरू व्हावा, असा नियम केला, आणि गडी अकरा केले.

परंतु नियमाच्या अक्षरावर चालणारा मनुष्य त्यांतील फट लगेच हेरतो. १८८१ सालीं प्रिन्स्टन व येल यांनीं एकेका अर्धकालांत चेंडू नुसता बाळगून ठेविला व सामना शून्य-शून्य असा संपला. प्रेक्षक कंटाळले. तेव्हां १८८२ सालीं नवा नियम झाला कीं, तीन डावांत पांच यार्ड पुढें जावें, नाहींतर चेंडू सोडावा. हें अंतर मोजण्यासाठीं मैदानावर आडव्या रेघा आल्या, व तें जाळीदार दिसूं लागलें. एका फटीवरील या एका ठिगळानें नवा खेळच जन्मास आला.

४. आजचे नियम

आज दोन्ही खेळ शेजारीं ठेवून पाहतां पुढील भेद दिसतात.

रग्बींत गडी पंधरा, वेळ ऐशीं मिनिटें, त्याचे दोन भाग. अमेरिकन फुटबॉलांत गडी अकरा, वेळ साठ मिनिटें, त्याचे चार भाग. परंतु घड्याळ वारंवार थांबत असल्यानें सामना तीन तास चालतो. रग्बींत हातानें चेंडू पुढें फेंकतां येत नाहीं. तो मागें किंवा बाजूसच द्यावा लागतो. अमेरिकेंत प्रत्येक डावांत एकदां तो पुढें फेंकण्याची मुभा आहे. रग्बींत ज्याच्या हातीं चेंडू नाहीं त्यास अडवितां येत नाहीं. अमेरिकेंत सोबत्याची वाट मोकळी करण्यासाठीं प्रतिपक्षाचे गडी अडविणें हाच निम्म्या संघाचा धंदा आहे. रग्बींत पाडलेल्या गड्यानें चेंडू तत्काळ सोडावा लागतो व खेळ चालूच राहतो. अमेरिकेंत गडी पडला कीं डाव संपतो. तेथें आतां चार डावांत दहा यार्ड जावें लागतें.

आपल्या खेळांच्या भाषेंत सांगावयाचें तर अमेरिकन फुटबॉल हुतूतूसारखा आहे. एक चढाई संपली कीं सर्व पूर्वस्थळीं येतात, मसलत होते, व नवी चढाई सुरू होते. रग्बी खोखोसारखा आहे. पाठलाग करणारा बदलला तरी पाठलाग थांबत नाहीं. म्हणूनच अमेरिकन संघांत हल्ल्याचे गडी निराळे, बचावाचे निराळे, लाथ मारणारा तर त्याहून निराळा असतो, व प्रत्येक डाव बाहेरून शिक्षक ठरवितो. रग्बींत त्याच गड्यानें धांवावें, रेटावें, पाडावें व क्षणांत स्वतःच निर्णय घ्यावा, अशी अपेक्षा असते. एकांत कारखान्याची शिस्त आहे, दुसऱ्यांत शेतकऱ्याची अष्टपैलू मेहनत आहे.

शब्दांचा इतिहासही मनोरंजक आहे. रग्बींत अंत्यरेषेपलीकडे चेंडू भुईस टेकविला कीं पांच गुण मिळतात. त्यास 'ट्राय' म्हणजे 'प्रयत्न' म्हणतात. कारण पूर्वीं टेकविण्यास स्वतःचे गुणच नव्हते. त्यानें खांबांवरून लाथ मारण्याचा प्रयत्न करण्याचा हक्क तेवढा मिळे. अमेरिकेंत या कृतीस 'टचडाउन' म्हणजे 'भुईस टेकविणें' म्हणतात व सहा गुण देतात; पण तेथें चेंडू भुईस टेकवावा लागतच नाहीं, रेषेच्या पातळीस पोहोंचला कीं पुरे! थोरल्यानें जुनी कृति राखली व धाकट्यानें जुनें नांव राखलें.

५. १९०५ सालचा प्रश्न

आतां किंमतीकडे वळूं. चेंडू एका पक्षाकडे निश्चित झाल्यामुळें अमेरिकेंत ठरवून केलेल्या सामुदायिक धडका सुरू झाल्या. हार्वर्डनें १८९२ सालीं पाचरीच्या आकारांत दुरून धांवत येऊन एकाच गड्यावर आदळण्याची युक्ति काढली. ती दोन वर्षांतच बंद करावी लागली, पण तिच्या बहिणी राहिल्याच. १९०५ च्या हंगामांत फुटबॉल खेळतांना अठरा-एकोणीस तरुण मरण पावल्याच्या नोंदी आहेत. त्यांत शाळकरी मुलेंही होतीं.

तेव्हां अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनीं हार्वर्ड, येल व प्रिन्स्टन यांच्या प्रतिनिधींस आपल्या निवासस्थानीं बोलाविलें. रूझवेल्ट हे कणखर खेळांचे भोक्ते होते व त्यांचा स्वतःचा मुलगा त्याच वर्षीं हार्वर्डच्या नव्या विद्यार्थ्यांच्या संघांत खेळत होता. खेळ बंद व्हावा असें त्यांस वाटत नव्हतें. तो मुलांचे प्राण घेणारा नसावा, एवढेंच त्यांचें म्हणणें होतें. कोलंबिया विद्यापीठानें मात्र तो बंदच केला. कॅलिफोर्निया व स्टॅनफर्ड या पश्चिमेकडील विद्यापीठांनीं तो सोडून चक्क रग्बी उचलला. इतरांनीं १९०६ सालीं नियम बदलले : चेंडू पुढें फेंकण्याची मुभा दिली, तीन डावांत दहा यार्डांचें अंतर ठेविलें, व त्यामुळें गर्दी फांकली. आज प्रेक्षकांस ज्या लांब फेंकीचें कौतुक वाटतें, ती मुलांच्या मृत्यूंतून निघाली आहे, ही गोष्ट विसरूं नये.

शिरस्त्राणाचा धडाही असाच आहे. तें कवटी वांचवितें. परंतु आंतील मेंदूस बसणारा हिसका तें थांबवूं शकत नाहीं. शिवाय ज्याच्या डोक्यास कवच असतें, त्यास डोकें हेंच शस्त्र वाटूं लागतें. माईक वेब्स्टर या नामांकित अमेरिकन खेळाडूच्या मेंदूची मरणोत्तर तपासणी डॉ. बेनेट ओमालू यांनीं केली व वारंवारच्या आघातांनीं जडणारा विकार त्यांत आढळल्याचें २००५ सालीं प्रसिद्ध केलें. पुढें हजारों माजी खेळाडूंनीं भरपाई मागितली. रग्बीवाल्यांनीं यावरून नाक मुरडण्याचें कारण नाहीं. २०२० पासून त्यांच्याही माजी खेळाडूंनीं स्मृतिभ्रंशाच्या तक्रारी न्यायालयांत नेल्या आहेत. तेव्हां भित्रा कोण व शूर कोण, या वादास वैद्यकाचें उत्तर एकच आहे : मेंदूला राष्ट्रीयत्व नसतें.

६. राष्ट्रांची चढाओढ

एक भेद अजून सांगावयाचा राहिला. रग्बी हा देशादेशांचा खेळ झाला. अमेरिकन फुटबॉल हा विद्यापीठांचा व शहरांचाच राहिला. कारण सरळ आहे. अमेरिकेनें नियम इतके आपलेसे केले कीं, शेजारचा कॅनडा सोडल्यास तुल्यबळ प्रतिस्पर्धीच उरला नाहीं, आणि कॅनडाचाही खेळ बारा गडी व तीन डाव यांचा, म्हणजे निराळाच.

रग्बीनें उलट लहान राष्ट्रांना मोठी वाणी दिली. १९०५ सालीं न्यूझीलंडचा काळ्या वेषांतील संघ ब्रिटनभर विजय मिळवीत गेला. त्यास वेल्सनें कार्डिफ येथें ३-० असें हरविलें. सामन्यापूर्वीं न्यूझीलंडच्या माओरी नृत्यास वेल्सच्या प्रेक्षकांनीं आपल्या राष्ट्रगीतानें उत्तर दिलें. न्यूझीलंडच्या डीन्स या गड्यानें टेकविलेला चेंडू पंचानें नाकारला, त्याबद्दल दोन्ही देशांत अद्याप मतभेद आहे! पुढें १९१३ सालीं न्यूझीलंडचा संघ कॅलिफोर्नियांत गेला व त्यानें अमेरिकेच्या निवडक संघाचा ५१-३ असा फडशा पाडला. दोन वर्षांत कॅलिफोर्निया विद्यापीठ आपल्या जुन्या फुटबॉलकडे परतलें. केवळ पराभव हेंच त्याचें कारण नव्हे. तरी जेथें आपण पहिले असूं तोच खेळ बरा, ही मनुष्याची प्रवृत्ति सर्वत्र सारखीच.

तथापि त्या नऊ-दहा वर्षांचें फळ अनपेक्षित आलें. १९२० च्या अँटवर्प येथील ऑलिंपिकांत, बहुतांशीं कॅलिफोर्नियांतील गड्यांच्या अमेरिकन संघानें फ्रान्सला रग्बींत ८-० असें हरविलें. १९२४ सालीं पॅरिसजवळ पुन्हां तीच गांठ पडली. घरच्या मैदानावर फ्रान्सचा १७-३ असा पराभव झाला. प्रेक्षक खवळले, सज्ज्यांत मारामारी झाली, व विजेत्यांच्या राष्ट्रगीताच्या वेळीं धिक्काराचा गोंगाट झाला. त्यानंतर रग्बी ऑलिंपिकांतून गेला, तो २०१६ सालीं सात गड्यांच्या रूपानें परतला. आणि तें सुवर्णपदक फिजी या चिमुकल्या द्वीपराष्ट्रानें ग्रेट ब्रिटनला हरवून मिळविलें.

चढाओढीचें सर्वांत गंभीर उदाहरण दक्षिण आफ्रिकेचें. तेथें रग्बी हा गोऱ्या सत्ताधाऱ्यांच्या अभिमानाचें चिन्ह झाला होता. इतका कीं, कृष्णवर्णीय लोक परदेशी संघाचा जयजयकार करीत. १९८१ सालीं त्यांचा संघ न्यूझीलंडांत गेला, तेव्हां वर्णद्वेषाच्या निषेधार्थ तेथील हजारों नागरिक रस्त्यावर उतरले व हॅमिल्टनचा सामना रद्द करावा लागला. ज्या देशास रग्बी प्राणापलीकडे प्रिय, त्याच देशाच्या लोकांनीं खेळापेक्षां न्याय मोठा असें म्हटलें. पुढें १९९५ सालीं जोहान्सबर्ग येथें जागतिक स्पर्धेचा अंतिम सामना दक्षिण आफ्रिकेनें १५-१२ असा जिंकला. तेव्हां सत्तावीस वर्षें बंदिवास भोगलेले अध्यक्ष नेल्सन मंडेला संघाचाच हिरवा सदरा घालून मैदानांत आले व त्यांनीं कर्णधार फ्रान्स्वा पिनार यांच्या हातीं चषक दिला. एका दिवसानें अन्याय मिटत नाहीं व तो मिटलाही नाहीं. परंतु शत्रूचें म्हणून मानलेलें चिन्ह टाकून न देतां तें सर्वांचें करितां येतें, हें जगानें पाहिलें.

७. तात्पर्य

दोन्ही भावंडें आतां एकमेकांच्या अंगणांत येऊं लागलीं आहेत. रग्बीची २०३१ सालची पुरुषांची जागतिक स्पर्धा अमेरिकेंत भरविण्याचें ठरलें आहे; आणि २०२८ च्या लॉस एंजलिस ऑलिंपिकांत अमेरिकन फुटबॉलचा एक सौम्य प्रकार घेण्यांत आला आहे, त्यांत गड्यास पाडावयाचें नसून त्याच्या कमरेचें फडकें ओढावयाचें असतें.

विद्यार्थ्यांनीं यावरून दोन गोष्टी शिकाव्या. पहिली अशी कीं, नियम आकाशांतून पडत नाहींत. ते मनुष्यें करितात, कधीं तुमच्याच वयाचीं मुलें करितात, आणि एखाद्यास इजा होऊं लागली तर ते बदलणें हा खेळाचा अपमान नसून त्याची सेवा होय. दुसरी अशी कीं, स्वतःच्या संघाबद्दल अभिमान धरण्यास दुसऱ्याचा तिरस्कार लागत नाहीं. पालकांसही आमची एक विनंति आहे. मुलगा खेळून घरीं आला म्हणजे "जिंकलास कीं हरलास?" हें अवश्य विचारावें, पण डोकें दुखतें, गरगरतें, प्रकाश सोसवत नाहीं, असें तो म्हणाला, तर त्यास धीटपणाचा उपदेश न करितां वैद्याकडे न्यावें, आणि वैद्य सांगेपर्यंत मैदानावर पाठवूं नये. सामने पुष्कळ येतील. मुलाला डोकें एकच असतें.